कर्बोदके नेमकी कशात धरायची? कमी कर्बोदकांचा आहार घेणाऱ्यांसाठी पदार्थांची पारख

कमी कर्बोदकांचा आहार सुरू करणारी बहुतेक माणसे पहिल्याच आठवड्यात एकाच ठिकाणी अडखळतात. भात, ब्रेड आणि साखर बाजूला ठेवायची हे कळते. पण गाजराचे काय, दुधाचे काय, शेंगदाण्यांचे काय, आणि मसूर कर्बोदकांत धरायचा की प्रथिनांत, हे कळत नाही. या प्रश्नांची 'हो' किंवा 'नाही' अशी उत्तरे शोधू लागले की गोंधळ वाढतो, कारण शुद्ध तेले सोडली तर वनस्पतींपासून मिळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक खाद्यपदार्थात थोडीफार कर्बोदके असतातच. म्हणून पदार्थाला एखाद्या गटात बसवण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात: त्यात कर्बोदके किती आहेत, त्यांपैकी पचून रक्तात साखर म्हणून उतरणारी किती आहेत, आणि आपण तो पदार्थ एका वेळी प्रत्यक्षात किती खातो. यांतला तिसरा प्रश्न लोक सर्वांत जास्त विसरतात आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

आधी स्वतःची मर्यादा ठरवावी

'कमी कर्बोदके' म्हणजे किती, याची सर्वत्र मान्य असलेली एकच व्याख्या नाही. वैद्यकीय लेखनात साधारणपणे दिवसाला 130 ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदकांच्या आहाराला 'कमी' आणि 20 ते 50 ग्रॅमच्या आहाराला 'अतिशय कमी' किंवा कीटोजेनिक म्हटले जाते. या दोन्हींत फरक मोठा आहे आणि पदार्थांचा हिशेब किती बारकाईने ठेवायचा हे त्यावरच ठरते. दिवसाला 120 ग्रॅमची मुभा असलेल्या माणसाने भाजीतल्या कांद्याचा हिशेब ठेवला नाही तरी चालते. 20 ग्रॅमची मर्यादा पाळणाऱ्या माणसाचा मात्र एक मोठा कांदाच निम्म्याहून अधिक कोटा संपवतो. त्यामुळे एकाच पदार्थाबद्दल दोन जाणकार वेगवेगळे सांगत असतील, तर त्यांपैकी कोणीतरी चुकतो आहे असे मानण्याआधी ते कोणत्या मर्यादेबद्दल बोलत आहेत हे पाहावे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करणे आवश्यक आहे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कर्बोदके एकदम कमी करू नयेत, कारण औषधाचा डोस पूर्वीचाच राहिला तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. एसजीएलटी-2 गटातील (लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी मधुमेहाची) औषधे घेणाऱ्यांना अतिशय कमी कर्बोदकांच्या आहारात कीटोॲसिडोसिसचा, म्हणजे रक्तात कीटोन नावाची आम्ले धोकादायक प्रमाणात साठण्याचा, धोका असतो आणि त्या वेळी रक्तातील साखर फारशी वाढलेलीही नसते, त्यामुळे तो सहज लक्षात येत नाही. गर्भवती स्त्रिया, स्तनपान करणाऱ्या माता आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनीही हा निर्णय स्वतःच्या अंदाजावर घेऊ नये.

मोजायची कर्बोदके कोणती

कर्बोदकांचे आहाराच्या दृष्टीने चार गट करता येतात. पहिला साखरांचा: ग्लुकोज, फ्रुक्टोज, आपण चहात घालतो ती सुक्रोज, दुधातली लॅक्टोज. दुसरा स्टार्चचा, म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्यांचा. धान्ये, बटाटा आणि कडधान्ये यांतली बहुतांश कर्बोदके याच रूपात असतात. स्टार्च जिभेला गोड लागत नाही, म्हणून तो साखरेपेक्षा निरुपद्रवी आहे असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात पचनानंतर त्याचे ग्लुकोजच होते आणि पांढऱ्या ब्रेडच्या बाबतीत तर ते फार लवकर होते. ही दोन्ही प्रकारची कर्बोदके पूर्ण मोजावीत, त्यात सवलत नाही.

तिसरा गट तंतूंचा, म्हणजे फायबरचा. मानवी लहान आतड्यातील पाचक रस तंतूंचे विघटन करू शकत नाहीत, त्यामुळे त्यांचे ग्लुकोज होत नाही. मोठ्या आतड्यातील जीवाणू त्यांतले काही आंबवतात आणि त्यातून शरीराला थोडी ऊर्जा मिळते. युरोपीय लेबलांच्या नियमांत ती दर ग्रॅमला 2 किलोकॅलरी धरली जाते, तर साखर आणि स्टार्चसाठी हा आकडा 4 आहे. चौथा गट शर्करा-अल्कोहोलांचा, म्हणजे माल्टिटॉल, झायलिटॉल, एरिथ्रिटॉल इत्यादी गोडी आणणाऱ्या पदार्थांचा. त्यांच्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे, कारण 'शुगर-फ्री' मिठायांचा सगळा घोळ तिथेच आहे.

रक्तात उतरणारी आणि न उतरणारी कर्बोदके वेगळी मोजण्याची कल्पना आधुनिक आहारविक्रेत्यांची आहे असे वाटू शकते, परंतु ती बरीच जुनी आहे. ब्रिटनमध्ये मॅकन्स आणि लॉरेन्स या दोन संशोधकांनी 1929 मध्ये मधुमेही रुग्णांसाठी अन्नपदार्थांचे कोष्टक तयार करताना कर्बोदकांची 'उपलब्ध' आणि 'अनुपलब्ध' अशी विभागणी केली. त्यांतले लॉरेन्स हे डॉक्टर स्वतः मधुमेही होते आणि 1923 पासून इन्सुलिनवर जगत होते, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्यासाठी केवळ प्रयोगशाळेतला नव्हता.

तंतू वजा करायचे की नाही

एकूण कर्बोदकांतून तंतू वजा केल्यावर उरतात त्यांना 'निव्वळ कर्बोदके' किंवा बोलीभाषेत 'नेट कार्ब्ज' म्हणतात. भाज्या, सुका मेवा, बिया असे मूळ रूपातले पदार्थ खाताना निव्वळ आकडा धरणे रास्त आहे, नाहीतर जवसासारखा पदार्थ नाहक वर्ज्य ठरतो: 100 ग्रॅम जवसात सुमारे 29 ग्रॅम कर्बोदके असतात, पण त्यांतले 27 ग्रॅम तंतूच असतात. पाकीटबंद 'कीटो' बिस्किटे आणि प्रथिनांच्या वड्या यांच्या बाबतीत मात्र एकूण आकडाच धरावा असे माझे मत आहे. अशा पदार्थांत तंतू म्हणून घातलेले काही घटक, उदाहरणार्थ आयसोमाल्टो-ऑलिगोसॅकराइड, काही प्रमाणात पचतात आणि रक्तातील साखर वाढवतात. त्यामुळे वेष्टनावर ठळक छापलेला निव्वळ आकडा खऱ्यापेक्षा कमी असू शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'नेट कार्ब्ज' या संज्ञेची कायदेशीर व्याख्याच केलेली नाही, हेही लक्षात असू द्यावे.

याहून मोठी चूक दुहेरी वजाबाकीची. अमेरिका आणि कॅनडा येथील लेबलांवर 'एकूण कर्बोदके' या आकड्यात तंतू धरलेले असतात. युरोपीय संघ, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया येथील लेबलांवर कर्बोदकांचा आकडा तंतू वगळूनच दिलेला असतो. या दुसऱ्या प्रकारच्या लेबलावरून पुन्हा तंतू वजा केले, तर हिशेब कागदावर सुंदर दिसतो आणि प्रत्यक्षात चुकतो. लेबल कोणत्या पद्धतीचे आहे हे ओळखण्याची खूण सोपी आहे: तंतूंची ओळ कर्बोदकांच्या खाली, थोडी आत सरकवून, त्यांचा उपप्रकार म्हणून छापली असेल तर तंतू आत धरलेले आहेत, ती स्वतंत्र ओळ असेल तर बहुधा आधीच वगळलेले आहेत. तंतूंचा आकडा कर्बोदकांच्या आकड्यापेक्षा मोठा दिसला तर शंकाच उरत नाही. तरीही संशय वाटला, तर कर्बोदके आणि प्रथिने यांना प्रत्येकी 4 ने आणि स्निग्धांशाला 9 ने गुणून बेरीज करावी आणि ती छापलेल्या ऊर्जेशी ताडून पाहावी. बेरीज छापील ऊर्जेपेक्षा बरीच कमी आली, तर तंतूंची ऊर्जा त्यात धरायची राहिली आहे, म्हणजे ते कर्बोदकांच्या आकड्याबाहेर आहेत. पदार्थात शर्करा-अल्कोहोल किंवा मद्य असेल तर मात्र ही कसोटी उपयोगी पडत नाही.

धान्ये आणि कंद

धान्यांबद्दल फार विचार करण्याची गरज नाही: गहू, तांदूळ, मका, ओट, ज्वारी, बाजरी, नाचणी यांतले कोणतेही धान्य घेतले तरी कोरड्या वजनाच्या सुमारे दोन तृतीयांश ते चार पंचमांश भाग कर्बोदकांचाच असतो. सालासकट धान्य पोषणाच्या दृष्टीने निश्चितच चांगले असते, पण कर्बोदकांच्या हिशेबात फरक थोडाच पडतो. मैद्यात 100 ग्रॅममागे सुमारे 76 ग्रॅम कर्बोदके आणि 3 ग्रॅम तंतू असतात, सालासकट दळलेल्या गव्हाच्या पिठात सुमारे 72 आणि 11. म्हणजे निव्वळ आकडा 73 वरून 61 वर येतो. ही घट नगण्य नाही, तथापि 61 हा आकडा कमी कर्बोदकांच्या कोणत्याही व्याख्येत बसत नाही. 'ग्लुटेनमुक्त' पिठांनाही हेच लागू आहे. ग्लुटेन हे प्रथिन आहे. ते नसल्याने स्टार्च कमी होत नाही, उलट अशा पिठांत तांदूळ, बटाटा किंवा टॅपिओकाचे स्टार्च घातलेले असण्याचीच शक्यता जास्त.

कच्च्या आणि शिजवलेल्या वजनाची गल्लत इथे सर्वांत जास्त होते. कच्च्या तांदळात 100 ग्रॅममागे सुमारे 80 ग्रॅम कर्बोदके, तर भातात सुमारे 28 ग्रॅम असतात. तांदूळ शिजताना पाणी शोषून घेतो, एवढेच या फरकाचे कारण आहे. कच्चे वजन करून शिजवलेल्या पदार्थाचा आकडा लावला तर हिशेब जवळपास तिपटीने चुकतो. आपण तराजूवर काय ठेवले आणि कोष्टकात कोणती ओळ वाचली, हे दरवेळी ताडून पाहावे.

कंदांत बटाटा आणि रताळे दोन्ही उकडल्यावर 100 ग्रॅममागे 18 ते 20 ग्रॅमच्या आसपास असतात. रताळे 'चांगले कर्बोदक' म्हणून मोकळेपणाने खाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. कसावाचा आकडा 38 च्या घरात जातो. शिजवून थंड केलेल्या बटाट्यात आणि भातात न पचणारा, म्हणजे प्रतिरोधक स्टार्च वाढतो हे खरे आहे, पण ही वाढ काही ग्रॅमांचीच असते. थंड केलेला भात कर्बोदकांत धरायचा नाही असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

कडधान्ये आणि डाळी: दोन्ही बाजूंना मोजायचा पदार्थ

'डाळ म्हणजे प्रथिने' हे अर्धेच सत्य आहे. शिजवलेल्या मसुरात 100 ग्रॅममागे सुमारे 20 ग्रॅम कर्बोदके, 8 ग्रॅम तंतू आणि 9 ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे तंतू वजा केल्यावरही 12 ग्रॅम कर्बोदके उरतात आणि ती प्रथिनांपेक्षा जास्तच आहेत. काबुली चण्यांत हाच आकडा सुमारे 27 वजा 8, म्हणजे 19 ग्रॅमपर्यंत जातो. कडधान्यांतला स्टार्च सावकाश पचतो, त्यामुळे रक्तातील साखर हळू वाढते. पण सावकाश पचणारे कर्बोदकही कर्बोदकच असते आणि ते दिवसाच्या कोट्यातून वजा करावेच लागते.

दिवसाला 100 ग्रॅमच्या आसपास मर्यादा असेल तर कडधान्ये सोडू नयेत असे मी म्हणेन. तंतू, प्रथिने आणि पोटभरीचा विचार करता धान्यांपेक्षा ती केव्हाही बरी. 20 ते 30 ग्रॅमची मर्यादा असेल तर मात्र त्यांना जागा देणे अवघड जाते. या गटात सोयाबीन वेगळा पडतो: शिजवलेल्या सोयाबीनमध्ये सुमारे 8 ग्रॅम कर्बोदके, 6 ग्रॅम तंतू आणि तब्बल 18 ग्रॅम प्रथिने असतात. टोफूत कर्बोदके त्याहूनही कमी असतात. शेंगदाणासुद्धा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने शेंगवर्गातलाच आहे, परंतु त्यातली ऊर्जा मुख्यतः तेलाची असल्याने त्याचा हिशेब सुक्या मेव्याबरोबर करणे सोयीचे ठरते.

भाज्या

जमिनीवर वाढणाऱ्या भाज्या खाव्यात आणि जमिनीखालच्या टाळाव्यात, असा एक नियम सांगितला जातो. तो नवशिक्यांना उपयोगी पडतो, पण दोन्ही बाजूंनी फसवतो. मटार आणि मक्याचे कोवळे दाणे जमिनीवरच येतात, तरी मटारात 14 ते 15 आणि मक्यात सुमारे 19 ग्रॅम कर्बोदके असतात. उलट जमिनीखालच्या मुळ्यात जेमतेम साडेतीन आणि सलगमात साडेसहाच्या आसपास. पालक, लेट्यूस, काकडी, मशरूम, टोमॅटो यांत 100 ग्रॅममागे 3 ते 4 ग्रॅम आणि फ्लॉवर, कोबी, वांगी यांत 5 ते 6 ग्रॅम कर्बोदके असतात. तंतू वजा केल्यावर यांतल्या बहुतेकांचा आकडा 3 किंवा त्याहून खाली येतो. अतिशय कडक मर्यादा पाळणाऱ्यानेदेखील पालेभाजीचे वजन करत बसू नये. त्याने हिशेब फारसा सुधारत नाही आणि माणूस लवकर कंटाळतो.

अडचण मधल्या पट्टीतल्या भाज्यांची आहे. कांदा, गाजर आणि बीट यांत 100 ग्रॅममागे 9 ते 10 ग्रॅम कर्बोदके असतात. कोशिंबिरीत थोडे गाजर किसून घातले तर काहीही बिघडत नाही. गाजराचा पेलाभर रस प्यायला तर मात्र अनेक गाजरांची साखर एकदम पोटात जाते आणि तंतू गाळणीत राहतात. लसणाचे उदाहरण याच्या उलट आहे. कोष्टकात लसणापुढे 33 ग्रॅम हा भीतिदायक आकडा असतो, पण एका पाकळीतून मिळते ते सुमारे 1 ग्रॅम कर्बोदक. मसाल्यांच्या पदार्थांचेही तसेच आहे. शंभर ग्रॅमचा आकडा पदार्थांची तुलना करण्यासाठी असतो. निर्णय मात्र ताटात पडणाऱ्या प्रमाणावर घ्यावा.

फळे आणि दूध

फळातली साखर नैसर्गिक असते म्हणून मोजायची नाही, हा समज सोडून द्यावा. केळ्यात 100 ग्रॅममागे सुमारे 23 ग्रॅम, द्राक्षांत 18, आंब्यात 15, सफरचंदात 14, संत्र्यात 12 आणि स्ट्रॉबेरीत 8 ग्रॅम कर्बोदके असतात. पेरूत सफरचंदाइतकीच असली तरी त्यांतले पाच ग्रॅमहून अधिक तंतू असतात, त्यामुळे तो पेरू खाणाऱ्याला परवडतो. ॲव्होकाडो हे फळ या यादीत अगदीच निराळे आहे. साडेआठ ग्रॅमपैकी सुमारे पावणेसात ग्रॅम तंतूच. केळे पिकत जाते तसा त्यातल्या स्टार्चचा साखरेत बदल होतो, म्हणून पिकलेले केळे जास्त गोड लागते आणि लवकर पचते, पण एकूण कर्बोदकांत फारसा फरक पडत नाही. कलिंगड मात्र प्रमाणाचा प्रश्न नेमका दाखवून देते: 100 ग्रॅममागे साडेसात ग्रॅम हा आकडा पाहून ते निर्धोक वाटते, पण कलिंगड कोणी 100 ग्रॅम खात नाही. 300 ग्रॅमच्या एका फोडीतून 22 ग्रॅमहून अधिक कर्बोदके मिळतात. खजूर आणि बेदाणे यांतले पाणी निघून गेलेले असते, त्यामुळे त्यांचा आकडा 75 ते 80 च्या घरात असतो आणि त्यांना फळांपेक्षा साखरेच्या जवळचे मानणे योग्य ठरते. मधात 82 ग्रॅम असतात. त्याची जागा साखरेच्या डब्याशेजारी.

दुधात 100 मिलिलिटरमागे सुमारे 4.8 ग्रॅम लॅक्टोज असते, म्हणजे 250 मिलिलिटरच्या पेल्यातून 12 ग्रॅम. चहा-कॉफीतल्या चमचाभर दुधाने काही होत नाही, परंतु दिवसभरात चार-पाच मोठे कप झाले तर ते पेलाभर दूध होते आणि ते कुठेही नोंदले जात नाही. 'लॅक्टोजमुक्त' दुधातली साखर बहुधा काढून टाकलेली नसते, एन्झाइमने तिचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांत विभाजन केलेले असते. त्यामुळे कर्बोदके साधारण तितकीच राहतात. विरजणातले जीवाणू दुधातले काही लॅक्टोज खातात, सगळे नाही, म्हणून साधे दही 4 ते 5 ग्रॅमच्या आसपास धरावे. फळे घातलेल्या गोड दह्यात हा आकडा सहज दुप्पट-तिप्पट होतो. कडक चीजमध्ये कर्बोदके अत्यल्प असतात आणि लोण्यात जवळजवळ नसतातच. वनस्पतिजन्य दुधांपैकी साखर न घातलेल्या बदामाच्या दुधात कर्बोदके एक ग्रॅमहून कमी असतात, ओटच्या दुधात मात्र बरीच असतात, कारण ते बनवताना धान्यातल्या स्टार्चचे विघटन होऊन साखर तयार होते. ज्यावर 'साखर घातलेली नाही' असे लिहिले आहे तेही गोड लागते, याचे कारण हेच.

सुका मेवा, मांसाहार आणि पेये

बदामात 100 ग्रॅममागे सुमारे 22 ग्रॅम कर्बोदके व 12 ग्रॅमहून अधिक तंतू, अक्रोडात 14 व 7, शेंगदाण्यात 16 व 8 असतात. काजूकडे मात्र लक्ष द्यावे: 30 ग्रॅम कर्बोदके आणि तंतू अवघे 3. सुक्या मेव्याची वाटी समोर ठेवून गप्पा मारणे हा कोटा ओलांडण्याचा हमखास मार्ग आहे; मूठभर काढून घेऊन डबा बंद करावा.

मांस, मासे आणि अंडी यांचा हिशेब ठेवण्याची गरज जवळजवळ नाही. एका अंड्यात एक ग्रॅमहून कमी कर्बोदके असतात. यकृतात ग्लायकोजेनमुळे, म्हणजे साठवलेल्या ग्लुकोजमुळे, काही ग्रॅम आढळतात आणि शिंपल्यांतही थोडी असतात, इतकेच अपवाद. खरे कर्बोदक असते ते वर लावलेल्या पिठात, ब्रेडच्या चुऱ्यात आणि सॉसमध्ये. सॉसेजमध्येही बांधणीसाठी स्टार्च घातलेला असू शकतो.

पेयांत फळांचा रस आणि गोड सोडा यांचे काय करायचे ते सांगायला नको. कोरडी वाइन 150 मिलिलिटरला सुमारे 4 ग्रॅम, बिअरचा 355 मिलिलिटरचा कॅन सुमारे 13 ग्रॅम, आणि व्हिस्की किंवा व्होडका यांत कर्बोदके नसतात. मद्यातली ऊर्जा, दर ग्रॅम 7 किलोकॅलरी, मात्र असतेच. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मद्याबाबत अधिक सावध राहावे, कारण मद्य यकृतातून होणारा ग्लुकोजचा पुरवठा मंदावते.

लेबलवरच्या फसव्या जागा

'शुगर-फ्री' म्हणजे कर्बोदकमुक्त नव्हे. साखर न घातलेले बिस्किट शेवटी पिठाचेच असते. म्हणून लेबलवर साखरेच्या ओळीकडे न पाहता कर्बोदकांची ओळ आधी वाचावी, आणि तीही वाढणीचा, म्हणजे सर्व्हिंगचा, आकार तपासल्यावरच. अमेरिकेतील नियमांनुसार एका वाढणीत अर्ध्या ग्रॅमहून कमी कर्बोदके असतील तर लेबलवर शून्य लिहिता येते. एक मोठा चमचा क्रीम ही वाढणी ठरवली की शून्य छापता येते, आणि तसे आठ चमचे घातले की तीन ग्रॅमहून अधिक कर्बोदके पोटात जातात. गोडी आणणाऱ्या पावडरच्या छोट्या पुड्यांतही वजन भरण्यासाठी डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असते. दर पुडीमागे जवळपास ग्रॅमभर कर्बोदक धरावे. त्याच गोडव्याच्या थेंबांत बहुधा हा प्रश्न नसतो.

शर्करा-अल्कोहोल सगळी एकाच मापाने वजा करू नयेत. एरिथ्रिटॉल रक्तात शोषले जाते, पण त्याचा चयापचय जवळजवळ होत नाही आणि ते लघवीवाटे बाहेर पडते, म्हणून ते पूर्ण वजा करणे योग्य आहे. युरोपीय नियमांतही त्याची ऊर्जा शून्य धरली जाते, तर इतर शर्करा-अल्कोहोलांची 2.4 किलोकॅलरी. माल्टिटॉल मात्र बऱ्यापैकी पचते आणि रक्तातील साखर वाढवते. ते निदान निम्मे तरी मोजावे. 'साखरविरहित' चॉकलेटात बहुधा हेच असते, आणि ते जास्त खाल्ले की पोटही बिघडते. ॲल्युलोज ही साखर चवीला साखरच असली तरी तिच्यापासून ऊर्जा जवळजवळ मिळत नाही. अमेरिकी लेबलवर ती एकूण कर्बोदकांत दिसते, तिथे ती वजा करावी.

घटकांच्या यादीत माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज, कॉर्न सिरप, सुधारित स्टार्च किंवा माल्ट अर्क ही नावे दिसली, तर ती सगळी मोजायची कर्बोदकेच आहेत. केचपमध्ये 100 ग्रॅममागे सुमारे 27 ग्रॅम असतात. खोकल्याची गोड औषधे आणि चघळायच्या गोळ्याही या हिशेबातून सुटतात, पण आजारपणातल्या चार दिवसांसाठी त्यावर डोके शिणवण्याची गरज नाही, औषध घ्यावे.

मिश्र पदार्थाचा हिशेब

घरी केलेल्या पदार्थाचा आकडा कोष्टकात शोधू नये, भांड्यावरून काढावा. समजा, 500 ग्रॅम चिकन, 300 ग्रॅम फ्लॉवर, 200 ग्रॅम कांदा, 200 ग्रॅम टोमॅटो, 100 मिलिलिटर क्रीम आणि घट्टपणासाठी एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर घालून रस्सा केला. चिकनची कर्बोदके शून्य, फ्लॉवरची 15, कांद्याची सुमारे 19, टोमॅटोची 8, क्रीमची 3 आणि कॉर्नफ्लोअरची 7. एकूण 52 ग्रॅम. भाज्यांतले तंतू सुमारे 12 ग्रॅम, म्हणजे निव्वळ 40. चार जणांनी सारखे वाटून घेतले तर प्रत्येकाच्या वाट्याला एकूण 13 किंवा निव्वळ 10 ग्रॅम येतात. या रश्शात सर्वाधिक कर्बोदके कॉर्नफ्लोअरने आणली असतील असे कोणालाही वाटेल, पण आणली कांद्याने. ताटातली कर्बोदके कमी करायची असतील तर कांदा निम्मा करावा, कॉर्नफ्लोअरवर राग काढू नये.

वाटे सारखे नसतील तर रिकाम्या भांड्याचे वजन आधी लिहून ठेवावे, शिजल्यावर भरलेल्या भांड्याचे वजन करावे आणि त्यातून रिकाम्या भांड्याचे वजन वजा करावे. शिजलेल्या रश्शाचे वजन 1,200 ग्रॅम भरले आणि आपण 200 ग्रॅम वाढून घेतला, तर भांड्यातल्या कर्बोदकांचा सहावा हिस्सा आपला. पाणी आटले किंवा जास्त घातले तरी या पद्धतीत चूक होत नाही, कारण कर्बोदकांचा आकडा कच्च्या घटकांवरूनच काढलेला असतो. हाच पदार्थ पुन्हा करायचा असेल तर आकडा कागदावर नोंदवून ठेवावा. पुढच्या वेळी मोजायचे राहते ते फक्त स्वतःच्या वाटीचे वजन.